टीकापाठ

अधिक महिना त्या वर्षी ज्येष्ठात आला, आणि आमचा प्रशिक्षणवर्गही नेमका त्याच महिन्यात भरला. एकसष्ट सालची गोष्ट. वऱ्हाडातल्या कॉलेजांत जे डेमॉन्स्ट्रेटर आणि ट्यूटर होते, त्यांना शिकवावं कसं हे शिकवायचं, असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि अमरावतीच्या एका कॉलेजात उन्हाळी सुटीत वर्ग ठरला. अकोल्याहून आम्ही तिघं गेलो. केमिस्ट्रीतून मी आणि हे, फिजिक्समधून देवमन वानखडे.

डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे ना धड मास्तर, ना धड कारकून. व्याख्यान देणार प्राध्यापक. प्रयोगशाळेत मुलांच्या टेबलाशी उभं राहून ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची तोटीवाली काचनळी, कशी धरायची, दिवा केव्हा बारीक करायचा, हे दाखवणार आम्ही. व्याख्यानात प्रयोग दाखवायचा असला की तो मांडून द्यायचा आणि मग भिंतीशी उभं राहायचं. मी अशी पुष्कळ उभी राहिले. प्राध्यापक भरभर पुढे जात, मुलांचे चेहरे कोरे पडत, आणि माझ्या मनात येई की आत्ता मला फक्त दोन मिनिटं बोलू द्या. पण फळ्यासमोर जायची आम्हाला मुभा नव्हती.

आता ती मिळायची शक्यता होती. जुलैपासून केमिस्ट्रीला एक लेक्चरर घ्यायचा होता, आणि आम्हा दोघांपैकी जो या वर्गातून वरचा क्रम घेऊन येईल त्याला ती जागा, असं प्रिन्सिपलसाहेबांनी सांगितलं होतं. एकाच घरात दोन उमेदवार. आम्ही त्यावर हसत असू. हे म्हणत, लेक्चरर कुणीही होवो, डबा एकाच चुलीवरचा. मीही हसत असे. पण मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की देवापुढे तिचं नाव काढायचं मी टाळत असे. मागितलं आणि नाही दिलं, तर त्याच्याशीही मन मोडायचं.

अमरावतीला अंबागेटच्या आत माझं माहेर, तिथेच उतरलो. अधिकात जावई घरी आलेला, म्हणजे बाबांना नारायणच दारी आल्यासारखं. आईने अनारसे केले, बाबांनी ह्यांना धोतरजोडी आणि ताम्हन दिलं. ह्यांना धोतराची सवय नव्हती, तरी त्या दिवशी नेसून पाटावर बसले. मला ते फार चांगले दिसले.

अधिकात काही ना काही नेम धरायचा, ही आमच्या घरची रीत. आईचा एकभुक्तचा होता. मीही तोच धरते म्हटलं. त्यावर हेच म्हणाले की दिवसभर उन्हाचं जायचं, दिव्यापाशी उभं राहायचं, पोट रिकामं असलं तर घेरी येईल.

“त्यापेक्षा सोपा धर,” ते म्हणाले. “महिनाभर कोणाचं उणं बोलायचं नाही. तुझा तसाही स्वभाव नाही.”

बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आईला ऐकवलं. जावयाच्या तोंडून धर्म बोलला, म्हणाले. मी आंघोळ करून देवापुढे बसले आणि हातावरून पाणी सोडलं. मनात आलं, माझ्या जिवाची काळजी करणारं माणूस मिळालं.

वर्ग महादेवराव बोबडे यांच्याकडे होता. शाळामास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजातून निवृत्त झालेले गृहस्थ. काळी टोपी, कोट उन्हाळ्यातही अंगात, आणि आवाज असा की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा गडीही बाहेर थबकून ऐके. पहिला आठवडा त्यांनी नुसतं सांगितलं. प्रश्न विचारल्यावर थांबावं कसं, फळ्यावर काय लिहावं आणि काय लिहू नये, मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर त्याची फजिती न करता ते कसं वापरावं. मला ते सगळं अमृतासारखं लागलं. भिंतीशी उभी राहून जे मला नुसतं वाटत होतं, त्याला या माणसाकडे नावं होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी टीकापाठ सुरू केले. एकाने पुढे जाऊन पाठ द्यायचा, बाकीच्यांनी मुलांच्या जागी बसायचं, आणि पाठ संपला की महादेवराव ज्याचं नाव घेतील त्याने उभं राहून त्या पाठातले दोष सांगायचे. शिकवणाऱ्याचा डोळा दुसऱ्याच्या चुकांवरच तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. पाठाला निम्मे गुण आणि टीकेला निम्मे.

ते ऐकलं आणि मला माझा नेम आठवला.

पहिल्यांदा माझं नाव घेतलं ते दाऊदभाईंच्या पाठाला. यवतमाळकडचे गणिताचे ट्यूटर, भला माणूस, पण तासभर फळ्याशीच बोलत होते. मी उभी राहिले आणि त्यांचं अक्षर कसं सुरेख आहे, आकृती किती नेमकी आली, ते सांगून खाली बसले. महादेवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. पुढच्या खेपेलाही तसंच झालं, तेव्हा ते म्हणाले की बाई, इथे मंगलाष्टकं म्हणायला बोलावलेलं नाही. सगळे हसले. हेही हसले. मी मान खाली घालून बसले.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, आता काय करायचं हो. हे पंख्याने वारा घेत होते. म्हणाले, आता पाणी सोडून बसलीस, त्याला मी काय करू. पाठ चांगला दे, तिकडचे गुण तिकडे भरून निघतील. मला ते पटलं. मी पाठाच्या मागे लागले.

माझा पाठ टायट्रेशनचा होता. आम्ल आणि अल्कली, आणि रंग पालटतो तो नेमका थेंब. मी ठरवलं होतं की आधी काहीच सांगायचं नाही. देवमनला पुढे बोलावलं, ब्युरेट त्यांच्या हातात दिली आणि तुम्हीच करा म्हटलं. त्यांनी घाईने सोडलं, फ्लास्क भडक गुलाबी झाला. मग मी विचारलं, कुठला थेंब जास्तीचा होता? कुणालाच सांगता येईना. मी थांबले. महादेवरावांनी शिकवलं होतं तसं, शांततेला न घाबरता थांबले. मग एकेक जण बोलायला लागला, पुढे येऊन पाहायला लागला, आणि शेवटी थेंब थेंब सोडताना सगळा वर्ग टेबलाभोवती श्वास रोखून उभा होता. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, तेव्हा दाऊदभाई आपसूक “वा” म्हणून गेले. महादेवराव काही बोलले नाहीत, पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ते मनापासून ऐकत असले की तसं करत.

मग त्यांनी टीकेसाठी नाव घेतलं. श्री. तिडके. म्हणजे हे.

मी निश्चिंत होते. मी कुणाचंच उणं बोलत नव्हते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक झालं होतं, आणि ह्यांना तर त्याचं कारणही ठाऊक होतं. हे माझ्याबद्दल बोलतील ते सांभाळून बोलतील, असं मी धरूनच चालले होते. विचारलंही नव्हतं. नवऱ्याला असं काही विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

हे उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि स्वच्छ आवाजात बोलायला लागले. या बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. त्या पुरुष विद्यार्थ्यांच्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, त्यामुळे मागे काय चाललं आहे ते त्यांना कळत नाही. त्यांचा एक हात सारखा पदर सावरण्यात असतो, आणि उघड्या दिव्यापाशी ते धोक्याचं आहे. इथवर खरं होतं. मी मनात म्हटलं, खरं आहे, ऐकून घ्यावं. पण ते तिथे थांबले नाहीत.

“यांचे आजचे प्रश्न उत्स्फूर्त नव्हते,” ते म्हणाले. “कोणता प्रश्न कधी विचारायचा आणि किती वेळ गप्प राहायचं, हे त्यांनी आदल्या दिवशी तोंडपाठ केलं होतं. वेगळाच प्रश्न आला असता तर त्या गोंधळल्या असत्या. या स्वभावाने भित्र्या आहेत.”

माजघरात पाटावर बसून मी पाठाची तयारी करत होते तेव्हा हे शेजारी लोडाला टेकून पडलेले होते. मध्येच डोळे उघडून म्हणाले होते, छान जमलं आहे. तेवढंच.

महादेवराव म्हणाले, उत्तम, टीका अशी निर्भीड असावी. आप्तपर पाहू नये. आणि त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

मधल्या सुटीत मी व्हरांड्यात माठापाशी उभी होते. देवमन वानखडे आले. दर्यापूरकडच्या शेतमजूर घरातले, घर सगळं छप्पन साली बौद्ध झालेलं. बोलणं सरळ, पुण्याच्या माणसाला उद्धट वाटेल असं. मला वहिनी म्हणत.

“वहिनी, एक विचारू? तुमी टीका काहून करत नाही? निम्मे मार्क जाऊन राहिले तुमचे.”

मी नेमाचं सांगितलं. ते म्हणाले, पण हे तर तुम्हाला आधीच माहीत होतं ना. चैत्रातच प्रिन्सिपलसाहेबांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावून वर्गाचं सगळं सांगितलं होतं. टीकापाठ काय असतो, त्याला निम्मे गुण कसे, तेही. तुम्ही मुलींच्या प्रॅक्टिकलमध्ये होता, तर भाऊ म्हणाले होते की घरी मी सांगतो.

घरी ह्यांनी सगळं सांगितलं होतं. कुठल्या गाडीने जायचं, बडनेऱ्याला किती वेळ थांबावं लागेल, लेक्चररच्या जागेचं, महादेवरावांच्या कोटाचंसुद्धा. हे एवढंच सांगितलं नव्हतं. आणि मग माझ्या बापाच्या घरी पाटावर बसून मला नेम सुचवला होता.

माझ्या हातातला पेला माठावर ठेवायला मला जागा सापडेना. देवमनने तो घेतला.

“मी काही बोललो नाही असं समजा,” ते म्हणाले. “पण वहिनी, आमी पण पंचशील घेतलं. खोटं बोलणार नाही म्हणून घेतलं. चुकलं त्याले चुकलं न म्हणणं, हे कशात बसते ते मले सांगा.”

घंटा झाली, तसे आम्ही वर्गात गेलो.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा पाठ होता, आणि टीकेला महादेवराव माझंच नाव घेणार, हे उघड होतं. संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावून बाबांकडे गेले. ते पोथी वाचत होते. मी नावं न घेता विचारलं की नेम धरला, आणि मग कळलं की तो धरायला लावणाऱ्याच्या मनात दुसरंच होतं, तर तो नेम बांधतो का. बाबांनी पोथीत बोट ठेवलं.

“पाणी तू सोडलं ना? का त्यानं सोडलं?”

मी म्हटलं, मीच.

“मंग त्याच्या मनाचं तो पाहीन. तुह्या हाताचं तू पाय.”

बाबा साधं बोलले. त्यांना काय माहीत होतं? त्याच रात्री जेवताना त्यांनी जावयाला आग्रहाने आणखी अनारसा वाढायला लावला, आणि तो मी वाढला.

हे त्या दिवसांत माझ्याशी नेहमीसारखेच वागत होते. मी विचारलं, चैत्रातलं मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, अगं राहून गेलं. चेहरा असा निर्मळ होता की मला माझीच शंका यावी. आजही मला खात्रीने सांगता येत नाही की हे सगळं त्यांनी आखलं होतं की नुसतं राहू दिलं होतं. दोन्हींत फरक किती, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

ह्यांनी पाठ दिला तोही टायट्रेशनचाच, मुद्दाम माझ्यानंतर. बोलले रुबाबात. पण मला एकेक दिसत गेलं. हे उंच आणि ब्युरेट टेबलावर. वाकून डोळा पातळीवर आणायला हवा, तो न आणता उभ्यानेच वरून आकडा वाचला. मुलांनी तसंच उचललं तर वर्षभर सगळ्यांची मापं चुकतील. प्रश्न विचारून श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. दाऊदभाईंनी चुकीचं सांगितलं तेव्हा ओठ मुडपून हसले, आणि त्यानंतर त्या बाजूने कुणी तोंड उघडलं नाही. रंग पालटला त्या क्षणी स्वतःच मुलांच्या आणि फ्लास्कच्या मध्ये उभे होते. कुणालाही तो दिसला नाही. मी जिथे बसले होते तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“सौ. तिडके,” महादेवराव म्हणाले.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, घ्या नाव आता. हशा झाला. मी उभी राहिले. जीभ अगदी टोकाशी आली होती. सगळं सुसूत्र, क्रमाने, महादेवरावांच्याच शब्दांत सांगता आलं असतं. मी सांगितलं की आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, फळ्याची मांडणी चांगली होती.

“आणि दोष?”

मी गप्प.

“दोष दिसले नाहीत, असं समजू?”

“दिसले,” मी म्हटलं. “पण मी ते सांगणार नाही.”

वर्गात कुणी हसलं नाही. अगदी मऊ आवाजात, आणि तो आवाज मला रागापेक्षा जास्त लागला, महादेवराव म्हणाले की बाई, पतिभक्ती ही घरात शोभते. जिला दोष दिसूनही सांगवत नाही, तिच्या हाती मी मुलं कशी देऊ? मी खाली बसले. त्यांना मी नवऱ्याला वाचवते आहे असं वाटलं होतं. ह्यांनाही तसंच वाटलं असावं. घरी जाताना वाटेत म्हणाले, तू माझा मान ठेवलास.

निकाल लागला. पाठात मी सगळ्या वर्गात पहिली होते. टीकेत सगळ्यांच्या खाली. एकूण क्रमात हे वर गेले आणि मी कुठेतरी मधे राहिले. महादेवरावांनी निरोपाच्या दिवशी मला बोलावून सांगितलं की तुमच्यासारखा पाठ मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही, आणि फार वाईट वाटतं. मी वाकून नमस्कार केला.

जूनमध्ये अकोल्याला परत आलो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आमचं बिऱ्हाड होतं. अधिक संपला, आणि नेमाची सांगता म्हणून मी मेहुण जेवू घातलं, दक्षिणा दिली, देवाला म्हटलं की तुझं तुला पोचलं. दुपारी हे चटईवर पडले होते. मी जाऊन समोर बसले आणि बोलायला लागले.

मी आवाज चढवला नाही. मला तो चढवता येतच नाही. पण एकही गोष्ट ठेवली नाही. ब्युरेट वरून वाचता. प्रश्न विचारता आणि उत्तराची वाट पाहत नाही, कारण तुम्हाला उत्तर नको असतं, स्वतःचा आवाज हवा असतो. चुकलेल्याला हसता. मुलांच्या आणि प्रयोगाच्या मध्ये उभे राहता, कारण मुलांनी प्रयोग पाहण्यापेक्षा तुम्हाला पाहावं असं तुम्हाला वाटतं. तुमचा तो पाठ पाठच नव्हता. मला हे त्या दिवशी सगळं दिसलं होतं. आणि चैत्रातलं नुसतं राहून गेलं, हे मला पटलेलं नाही.

मला वाटलं, आता हे चिडतील, नाही तर मान खाली घालतील. काहीतरी मोडेल. मोडावं म्हणूनच मी बोलत होते.

हे उठून बसले. कोनाड्यातून पेन्सिल घेतली, उशाशी पडलेलं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर लिहायला लागले.

“थांब, थांब. हळू सांग,” ते म्हणाले. “ब्युरेटचं काय म्हणालीस? लिहून घेऊन राहिलो.”

चैत्राचं त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. बाकी सगळं मात्र एकेक करून विचारून घेतलं. उभं कुठे राहायचं, किती थांबायचं. आणि मी सांगितलं. कारण समोर कुणी शिकायला बसलं की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुलैत हे लेक्चरर झाले. नवरा लेक्चरर आणि त्याच्याच हाताखाली बायको डेमॉन्स्ट्रेटर, हे दिसायला बरं दिसत नाही, असं संस्थेच्या मंडळींचं मत पडलं. माझी जागा हंगामीच होती. पुढे चालू ठेवली नाही. हे घरी येऊन म्हणाले की मी काय बोलणार, माझाच विषय असल्यावर. मुलींच्या प्रॅक्टिकलला दुसरी कुणी मिळाली नाही, म्हणून काही दिवस ते कामही हेच पाहत होते.

पोळ्याच्या सुमारास देवमन घरी आले होते. ते अजून डेमॉन्स्ट्रेटरच. ह्यांच्या तासाला बाहेरच्या वर्गातली मुलंही येऊन बसतात, असं ते सांगत होते.

“सगळ्या पोरांच्या डोळ्यासमोर थेंब पाडतात भाऊ. वाकून, अगदी पातळीवर. विचारलं की थांबून राहतात. पोरगा चुकला तर त्याच्याचकडून बरोबर काढून घेतात. काय जादू झाली भाऊ, मले तर समजत नाही.”

हे सुपारी कातरत होते. हसले.

“ट्रेनिंग,” म्हणाले. “माणसाला ट्रेनिंग लागतं देवमन. दुसरं काय.”

देवमनने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीशी उभी होते. आता नेम नव्हता, मला हवं ते बोलता आलं असतं. पण ह्यांच्यातलं उणं म्हणून दाखवावं असं माझ्याजवळ काही राहिलंच नव्हतं. ते सगळं मी त्यांना शिकवून टाकलं होतं.